सोशिक रिझॉल्व्हरांचा कैवार

परक्याच्या नेमसर्व्हराची मांडणी सदोष असली तरी नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या रिझॉल्व्हराने ती निमूटपणे सांभाळून घ्यावी, कारण ग्राहकाला हवे ते संकेतस्थळ उघडून देणे हेच त्याचे आद्य कर्तव्य होय, असे प्रतिपादन करणारा एक पक्ष आहे. आणि तो पक्ष अज्ञजनांचा नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. स्वतः पाठविताना काटेकोर असावे व इतरांकडून स्वीकारताना उदार असावे, हे जॉन पोस्टेल यांनी 1980 च्या सुमारास सांगितलेले तत्त्व त्याच्या पाठीशी आहे, आणि इंटरनेटच्या बाल्यावस्थेत त्या तत्त्वाने मोठे कार्य केले, यातही शंका नाही.

परंतु या औदार्याचा प्रत्यक्ष अंमल कसा झाला, ते पाहावे. मूळ नियमांनुसार यूडीपीवरून येणारे डीएनएसचे उत्तर 512 बाइटांत मावणे प्राप्त होते. ही मर्यादा ओलांडण्याची सोय ‘ईडीएनएस’ नामक पुरवणीने 1999 साली केली. पुरवणी न समजणाऱ्या सर्व्हराने ‘प्रश्नाचे स्वरूप कळले नाही’ असे साफ कळविले असते, तर काहीच बिघडले नसते. पण कित्येक सर्व्हर आणि त्यांच्या दारावर पहारा देणाऱ्या फायरवॉल यांनी असा प्रश्न मुकाट्याने टाकून देण्याचा शिरस्ता पाडला. मग रिझॉल्व्हर रचणाऱ्यांनी तोड काढली: काही काळ वाट पाहावी, आणि उत्तर न आल्यास पुरवणी गाळून तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

या तोडीतच अन्यायाचे बीज आहे. उत्तर न येण्याचे कारण सर्व्हराची कसूर हे जसे असू शकते, तसेच वाटेत पॅकेट गहाळ होणे हेही असू शकते. आणि रिझॉल्व्हराला या दोहोंतील भेद कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे ज्याचा कारभार चोख, त्याचे एखादे पॅकेट हरवताच त्याच्यावरही ‘पुरवणी न समजणारा’ असा शिक्का बसे. उत्तराचा अस्सलपणा पडताळू देणाऱ्या डीएनएसेकच्या सह्या मागण्याची खूण तर याच पुरवणीत असते; ती गाळली की सह्या येत नाहीत, आणि सह्या नाहीत म्हणून निर्दोष डोमेन पडताळणीत नापास होते. ज्याने कसूर केली त्याला मात्र तिची वार्ताही नसते, कारण त्याचे संकेतस्थळ, थोडे रेंगाळत का होईना, उघडतच असते. याला औदार्य म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. पण त्याचा खर्च कोणाच्या खाती पडतो, तेही सांगावे.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की, एकटा रिझॉल्व्हर कडक झाला तर ग्राहक त्यालाच दोष देऊन दुसऱ्याकडे जाईल. हा आक्षेप खरा आहे. जानेवारी 2012 मध्ये नासाच्या डोमेनावरील डीएनएसेकच्या सह्यांत चूक झाली, तेव्हा पडताळणी करणाऱ्या कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांना ते स्थळ दिसेनासे झाले, आणि कॉमकास्टनेच ते अडविले, असा बोभाटा झाला. पण यातून एवढेच सिद्ध होते की, कडकपणा एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून आणि पूर्वसूचना देऊन अंमलात आणावा. 1 फेब्रुवारी 2019 रोजी नेमके तेच घडले. बाइंड, अनबाउंड, नॉट रिझॉल्व्हर व पॉवरडीएनएस यांच्या कर्त्यांनी आणि गूगल, क्लाउडफ्लेअर, क्वाडनाइन यांसारख्या सार्वजनिक सेवांनी आगाऊ जाहीर केलेल्या मुदतीला धरून ही तोड काढून टाकण्याचे ठरविले. पुरवणी समजत नाही असे प्रामाणिकपणे कळविणाऱ्या जुन्या सर्व्हराला त्यांनी हात लावला नाही. मौन धरणाऱ्याला मात्र यापुढे मेलेला समजावयाचे होते.

मुभा मुळीच असू नये, असा हट्ट आम्हीही धरीत नाही. डीएनएसेकच्या बाबतीत 2015 च्या आरएफसी 7646 ने सुचविलेली तजवीज पाहावी: माणसाने चौकशी करून, कसूर हल्ल्यामुळे नसून गलथानपणामुळे झाली आहे अशी खात्री करून घ्यावी आणि मग नेमक्या त्या डोमेनापुरती पडताळणी तहकूब ठेवावी, ही सवलत मुदत संपताच आपोआप रद्द व्हावी, आणि ती मुदत शक्यतो आठवड्याहून अधिक नसावी. येथे सवलत देणाऱ्याला तिची नोंद ठेवावी लागते, तिचे कारण सांगता यावे लागते, आणि मुदतवाढ हवी असल्यास पुन्हा विचार करून तसा हुकूम काढावा लागतो.