अमर शेख आणि 'असूनही' हा शब्द

मंडईत माझी एक ठरलेली भाजीवाली आहे. गेली आठ-दहा वर्षं शाळा सुटली की मी तिच्याकडेच जाते. परवा तिच्याशी गवारीचा भाव करत होते, तर शेजारच्या गाळ्यावर नव्यानं बसायला लागलेली मावशी कौतुकानं म्हणाली, "ताई, मराठी किती छान बोलता हो तुम्ही!" माझ्या डोक्यावरची ओढणी पाहून ती हे बोलली, हे मला कळलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. वर कोथिंबिरीची चार काड्याही दिल्या तिनं. मी हसून निघाले, पण घरी पोचेपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. माझा जन्म गंज पेठेतला, बी.एड. पुण्यातलं, आणि उर्दूबरोबर मराठी शिकवण्यात माझी निम्मी हयात गेली. तरीही माझं मराठी कौतुकाचाच विषय. पाहुण्यानं आपल्या घरची भाकरी आवडीनं खाल्ली की आपण कौतुक करतो ना, तसं.

त्याच आठवड्यात वर्गात आणखी एक गोष्ट घडली, म्हणून हे लिहायला बसले.

आमची शाळा उर्दू माध्यमाची. नववीच्या मुलांना मी विचारलं, "शाहीर अमर शेख चौक कुठं आहे?" सगळे हात वर. जुन्या बाजाराजवळचा हा चौक त्यांच्या रोजच्या येण्याजाण्यातला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथं जाहिरातीचं होर्डिंग कोसळून माणसं दगावली, तेव्हा हे नाव टीव्हीवर सारखं येत होतं. पुढचा प्रश्न विचारला, "हे अमर शेख कोण?" सगळे हात खाली. एक जण म्हणाला, "कोई नगरसेवक होंगे, टीचर." मी सांगितलं, ते मराठीतले मोठे शाहीर होते, कवी होते, सिनेमातही त्यांनी काम केलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीचे डोळे चमकले. "टीचर, शेख? मतलब अपने में के थे?"

"हां, अपने में के," मी मोठ्या अभिमानानं म्हणाले. वर्गात एकदम जान आली. आणि मला मंडईतली मावशी आठवली. ती मला म्हणत होती, मुसलमान असूनही छान मराठी. मी मुलांना सांगत होते, मुसलमान असूनही मोठे मराठी शाहीर. दोन्हीकडे तोच 'असूनही' लपलेला. फरक इतकाच की तिचा मला टोचला आणि माझा मला गोड लागला.

अमर शेखांचं आयुष्य पाहिलं, तर त्यात या 'असूनही'ला कुठं जागाच सापडत नाही. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीला त्यांचा जन्म झाला. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी जात्यावर ओव्या म्हणायची, लोकगीतं गायची. त्यांचं मराठी तिथून आलं, कुण्या मास्तरांनी ते शिकवलं नाही. शाळा फारशी झाली नाही. गाडीवर क्लीनर म्हणून काम केलं, गिरणीत काम केलं. गिरणीच्या संपात उतरले आणि विसापूरच्या तुरुंगात गेले. पुढं काही काळ कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेत होते. तिथंच त्यांना 'अमर शेख' हे नाव मिळालं असं सांगतात.

या नावापाशी मी नेहमी थांबते. तो काळ सिनेमात मुसलमानी नावं झाकण्याचा होता. युसूफ खानचा दिलीपकुमार झाला, मुमताजची मधुबाला झाली, महजबीनची मीनाकुमारी झाली. आमच्या मेहबूबनं मात्र जे आडनाव ऐकून कुणाला काही कळलं नसतं ते 'पटेल' सोडलं, आणि ऐकताक्षणी कळावं असं 'शेख' घेतलं. आणि त्याच नावानं ते महाराष्ट्रभर गायले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड त्यांच्या पहाडी आवाजातून गावोगाव पोचली. बेळगाव, कारवार, निपाणी महाराष्ट्राबाहेर राहिल्याचं दुःख त्या छक्कडीत आहे. म्हणजे मराठी मुलखाची ताटातूट लोकांना ज्या आवाजानं सांगितली, तो आवाज एका शेखाचा होता. १ मे १९६० ला राज्य झालं, त्यामागच्या माणसांत हा माणूस पहिल्या रांगेतला.

दुसऱ्या देशातलं एक उदाहरण सांगते. इव्ह मोताँ हा फ्रान्सचा नावाजलेला गायक आणि नट. खरं नाव इव्हो लिव्ही. जन्म १९२१ चा, तोही इटलीतल्या एका खेड्यातला. वडील डाव्या विचारांचे. फॅसिस्टांच्या जाचामुळं घरदार सोडून हे कुटुंब मार्सेलला आलं. पोरानं लहानपणीच कारखान्यात काम केलं, केस कापायचं काम केलं, बंदरावर हमाली केली. आई खिडकीतून इटालियन वळणानं "इव्हो, वर ये" अशी हाक मारायची, त्यावरून रंगमंचावरचं नाव घेतलं, असं तो सांगत असे. १९५३ च्या एका गाजलेल्या सिनेमात त्यानं स्फोटकं भरलेला ट्रक चालवणाऱ्या ड्रायव्हरचं काम केलं आणि तो जगभर पोचला. बरीच वर्षं कम्युनिस्टांच्या बरोबर राहिला. १९९१ मध्ये गेला, तोवर फ्रेंच गाणं म्हटलं की त्याचं नाव येणारच, असं झालं होतं.

गरिबी, मजुरी, बदललेलं नाव, डावा विचार, गाणं आणि सिनेमा. दोघांची आयुष्यं किती जवळची आहेत बघा. पण एक मोठा फरक आहे. मोताँ बाहेरून आला होता, फ्रेंच त्याला शिकावी लागली. अमर शेख कुठून आले नव्हते. ते बार्शीचे होते, मराठी त्यांच्या आईच्या तोंडात होती. बाहेरून आलेल्याला एका देशानं आपलं म्हटलं. घरातच जन्मलेल्याला मात्र आपण अजून 'मराठी मुस्लिम शाहीर' अशा वेगळ्या कप्प्यात ठेवतो, आणि 'सलोख्याचं प्रतीक' म्हणून भाषणापुरतं बाहेर काढतो.

१९६१ चा 'प्रपंच' हा सिनेमा जरूर पाहा. दिग्दर्शक मधुकर पाठक, गीतं ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचं. पोरांनी भरलेलं घर आणि डोक्यावर कर्ज, यांत पिचलेला गरीब कुंभार अमर शेखांनी केला आहे, आणि त्यांच्यासमोर सुलोचनाबाई. हजारोंच्या सभा गाजवणारा हा माणूस तिथं फक्त एक हतबल बाप आहे. कुंभाराचं काम एका शेखानं केलंय याची टिमकी तो सिनेमा वाजवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपणही त्यांच्याकडं तसंच पाहावं.

आता आपल्या लोकांशीही थोडं बोलायला हवं. "ते कम्युनिस्ट होते, दीनाचं त्यांनी काय केलं?" असं म्हणून त्यांना बाजूला सारणारेही आपल्यात भेटतात. म्हणजे एक बाजू त्यांना मराठी मानताना 'असूनही' लावते, तर दुसरी बाजू त्यांना मुसलमान मानताना. मला वाटतं, हा हिशेब आपण करू नये. माणसाचा ईमान अल्लाह जाणे. त्यानं कष्टकऱ्यांसाठी काय केलं, हे मात्र आपल्याला दिसतं. आणि ते एकटेही नव्हते. पेशवाईच्या अखेरीस गाजलेले सगनभाऊ हेही मुसलमान होते. ही वाट जुनी आहे, फक्त आपण आपल्या मुलांना ती दाखवली नाही. त्यात माझाही दोष आहे. इतकी वर्षं मराठी शिकवताना मी 'परीक्षेत पास व्हा' एवढंच सांगत आले. मग ही भाषा 'उनकी' आहे असं मुलांना वाटलं, तर नवल कसलं?

१९६९ साल महाराष्ट्राला फार वाईट गेलं. १३ जूनला आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. अडीच महिन्यांत तीन आवाज थांबले. अत्रे आणि अण्णाभाऊ आजही सगळ्यांना माहीत आहेत. ज्या मंडईत मी भाजी घेते, तिचं 'रे मार्केट' हे नाव जाऊन तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, ते अत्र्यांच्याच पुढाकारानं. तिसऱ्याचं नाव मात्र चौकाच्या पाटीवर उरलं आहे, आणि त्या पाटीखालून जाणाऱ्याला वाटतं, कुणी नगरसेवक असेल.

त्या पाटीखाली दोन ओळी लिहाव्यात, एवढी माझी मागणी आहे. जन्म, मृत्यू, शाहीर, कवी, नट. 'मुस्लिम' हा शब्द नको, नावात तो आहेच. आणि मराठी माध्यम असो की उर्दू, मराठीच्या तासाला त्यांचं नाव जातीधर्माची पुस्ती न जोडता घेतलं जावं.

माझ्यापुरती मी सुरुवात केली आहे. मुलांना सांगितलं, आपापल्या दादी-नानीला जात्यावरचं एखादं गाणं विचारून या. सोमवारी सात मुलांनी गाणी आणली. काही दखनीत होती, तीन मात्र चक्क मराठीत. त्यातली एक ओवी आणली होती त्याच मागच्या बाकावरच्या मुलीनं. तिची नानी करमाळ्याकडची. मुलगी म्हणाली, "टीचर, मेरे को मालूमच नहीं था, नानी को मराठी इतनी आती है."

शनिवारी मंडईत गेले, तेव्हा ती नवी मावशी होतीच. पुन्हा तेच म्हणाली. या वेळी मी उत्तर दिलं, "तुमचंही छान आहे हो, मावशी." ती क्षणभर बघतच राहिली. मग खळखळून हसली आणि म्हणाली, "माझं कसं नसंल? माझी तर भाषाच हाय ती."

"माझी पण," मी म्हटलं, आणि गवार पिशवीत टाकली.