पुढचा नंबर कितवा?

गेल्या काही वर्षांत आपली हॉस्पिटलं भलतीच चकाचक झाली आहेत. गुळगुळीत फरशी, एसी, आणि भिंतीवर हमखास एक मोठा पडदा. गल्लीतल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यातही आता तो दिसतो. त्यावर काय चालू असतं? गुडघे बदलून घेतलेले आजोबा टेकडी चढत असतात. एक हसरी बाई संपूर्ण शरीरतपासणीचं पॅकेज विकत असते. मग हॉस्पिटलच्या नव्या मशीनचे फोटो, सणाच्या शुभेच्छा, आणि पुन्हा आजोबा टेकडीवर. समोर चाळीस-पन्नास माणसं बसलेली असतात आणि त्या सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, "आता कितवा नंबर चालू आहे?" नेमकं तेवढंच त्या पडद्यावर नसतं!

माझं म्हणणं अगदी साधं आहे. ओपीडीतला पडदा हा बसलेल्या पेशंटसाठी आहे. त्याने आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत. डॉक्टर आले का? कितवा नंबर चालू आहे? माझी पाळी साधारण कधी येईल? एवढं झाल्यावर कोपऱ्यात जागा उरली तर खुशाल आजोबांना टेकडी चढू द्या.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करायचा? अहो, पण ही एवढीशी गोष्ट नाहीये. माझी आत्या मधुमेही आहे. गेल्या वर्षी तिला एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेलो होतो. सकाळी साडेनऊला केसपेपर काढला. बारा वाजले तरी बोलावणं नाही. कॅन्टीन खाली तळमजल्यावर. म्हटलं, "आत्या, चल, दोन घास खाऊन येऊ." तर म्हणाली, "तू जा बाबा. मी नाही हलणार. नंबर गेला म्हणजे?" काउंटरवर विचारलं तर, "बसा, बोलावते." आता इन्सुलिन घेणाऱ्या बाईने किती वेळ उपाशी बसावं? शेजारचे एक काका तर बाथरूमला जायचं म्हणून बायकोला दाराशी पहाऱ्यावर उभं करून गेले. रोजंदारीवर जाणारा माणूस अर्धा दिवस वाचला असता तर कामावर गेला असता. पण दुपारपर्यंत अर्धा दिवस वाचणार की नाही हेच त्याला कळत नाही. शेवटी पूर्ण दिवसाची मजुरी जाते. हे सगळं कशामुळे? तर एक आकडा दाखवला नाही म्हणून.

आमच्या हापिसात भिंतीवर असाच पडदा आहे. कुठला सर्व्हर किती मिलिसेकंदात उत्तर देतोय हे त्यावर चोवीस तास दिसतं. उत्तर यायला दोन सेकंद लागले तरी लाल दिवा लागतो आणि कुणाचा तरी फोन वाजतो. यंत्राने दोन सेकंद थांबायचं नाही, आणि माणसाने तीन तास थांबलं तरी त्याची कुठे नोंद नाही. गंमतच आहे.

थांबण्यावर अभ्यास करणाऱ्या लोकांनी हे केव्हाच सांगून ठेवलंय. डेव्हिड माइस्टर नावाच्या गृहस्थांनी १९८५ साली रांगेच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्याचा सारांश असा की, किती वेळ थांबायचं हे ठाऊक नसलं, का थांबलोय हे कुणी सांगितलं नाही, मनात काळजी असली आणि रांगेत अन्याय होतोय असं वाटलं, की तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो. बघा, दवाखान्यात या चारही गोष्टी एकदम असतात! बॅंकेत निदान काळजी तरी नसते.

आणि याचा इलाज आपल्याला नवा नाही. मुंबईच्या लोकलचा इंडिकेटर आठवा. गाडी कुठली, जलद की धीमी, किती डब्यांची, किती मिनिटांत. बस्स. ती मिनिटं कधीकधी रबरासारखी ताणली जातात हे प्रत्येक मुंबईकराला माहीत आहे. तरीही तो फलाटावर आल्यावर आधी मान वर करून इंडिकेटरच बघतो. अंदाज चुकला तरी चालतो. अंदाजच नसला तर मात्र माणूस अस्वस्थ होतो.

यावर डॉक्टर मंडळींचा ठरलेला आक्षेप असतो. एखाद्या पेशंटला पाच मिनिटं लागतात, एखाद्याला पाऊण तास, मधेच इमर्जन्सी येते, वेळ सांगणार कशी? आक्षेप खरा आहे. पण मिनिटामिनिटाचा हिशेब कोण मागतंय? मागच्या तासाभरात किती पेशंट तपासून झाले ते मोजा आणि माझ्या पुढे किती आहेत त्याला त्या आकड्याने भागा. तासाला ९ होत असतील आणि माझ्या पुढे १८ असतील, तर साधारण दोन तास. रांगेचं हे गणित जुनंच आहे, जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता दिली. पडद्यावर "दोन तास" असं ठामपणे न लिहिता "दीड ते अडीच तास" लिहा. इमर्जन्सी आली तर "डॉक्टर इमर्जन्सीमध्ये आहेत, ओपीडी थांबली आहे" असं लिहा. हे वाचून आपली माणसं चिडत नाहीत. आपल्याला काहीच सांगत नाहीत याने चिडतात. नुसते रिपोर्ट दाखवायला आलेले पेशंट मधे सोडत असाल तर तेही लिहा, म्हणजे "तो माझ्यामागून येऊन आत कसा गेला?" हे भांडण निम्मं मिटेल.

खरी अडचण मला वेगळीच वाटते. दहाची वेळ देऊन डॉक्टर साडेअकराला येत असतील तर पडदा ते सगळ्यांना सांगणार. जाहिरात असलं काही बोलत नाही, म्हणून ती सोयीची! सगळेच डॉक्टर असे नसतात हे मान्य. बरेचसे राउंड आणि ऑपरेशनं उरकून धावतपळत येतात. मग तेच पडद्यावर लिहायला काय हरकत आहे?

आता दुसरी बाजू. काही ठिकाणी पडदा नको इतका बोलतो. पेशंटचं पूर्ण नाव, वय आणि शेजारी विभागाचं नाव. पुण्या-मुंबईत एक वेळ कुणी ओळखणार नाही. पण तालुक्याच्या गावी मानसोपचाराच्या यादीत एखाद्या मुलीचं नाव सगळ्या हॉलने वाचलं तर ते संध्याकाळपर्यंत घराघरांत पोचतं. मग पुढच्या वेळी ती मुलगी दवाखान्यात येईल का? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यात गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. खाजगी माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदाही केला. पण कायदा बाजूला ठेवा, साधी माणुसकी म्हणून तरी टोकन नंबर दाखवा. नाव केसपेपरवर आहेच की.

थोडं तांत्रिक, कारण सवय जात नाही. पाट्या रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब असतो, दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर. बत्तीस इंची टीव्हीच्या पडद्याची उंची असते साधारण सोळा इंच. त्यात दहा ओळी कोंबल्या तर अक्षर जेमतेम इंचभर, म्हणजे दहा फुटांपलीकडच्या माणसाने अंदाज बांधायचा. हॉल तीस फुटांचा असेल तर तीन ओळींवर जाऊ नये. बसलेल्यांत निम्मे तर मोतीबिंदू दाखवायला आलेले असतात! दुसरं म्हणजे आकडे. मराठी १ लांबून इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी ४ इंग्रजी आठसारखा. टोकनवर एका लिपीतले आकडे आणि पडद्यावर दुसऱ्या, असं केलंत तर गोंधळ नक्की. दोन्हीकडे एकच ठेवा. तिसरं, नंबर बदलला की मराठीत मोठ्याने पुकारा. ज्याला वाचता येत नाही, ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी पडदा असून नसल्यासारखाच. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी पडदाच हवा. चौथं, वीज गेली तर? तर काउंटरवरच्या सिस्टरने फळ्यावर खडूने नंबर लिहावा. त्यात कमीपणा कसला?

आणखी एक. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खाजगी हॉस्पिटलांनी दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावायची आहे. ती पडद्यावर दहा सेकंद झळकवून "लावली" म्हणायचं, याला काही अर्थ नाही. खोलीचं भाडं किती हे वाचेपर्यंत आजोबा टेकडीवर पोचलेले असतात. जे घटकाघटकाला बदलतं ते पडद्यावर आणि जे शांतपणे वाचायचं ते भिंतीवर, कागदावर, असा सरळ नियम असावा.

खर्चाचं म्हणाल तर पडदा आधीच टांगलेला आहे. एक जुना कम्प्युटर आणि डॉक्टरांच्या टेबलावर "पुढचा" असं एक बटण, एवढ्यात काम होतं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये २०२२ सालापासून क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीची नोंदणी करायची आणि टोकन घ्यायची सोय आली आहे. म्हणजे केसपेपरची रांग कमी करायचा विचार सरकारनेही केला. डॉक्टरांच्या दारापुढची रांग मात्र बहुतेक ठिकाणी होती तिथेच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की काउंटरवर न भांडता एकदा विचारून बघा, "ताई, टीव्हीवर चालू नंबर लावता येईल का?" दहा जणांनी विचारलं तर अकराव्या वेळी कुणीतरी साहेबांच्या कानावर घालेल. डॉक्टर वाचत असतील तर त्यांनी उद्या ओपीडी सुरू करण्याआधी बाहेरच्या खुर्चीवर नुसती दहा मिनिटं बसून पडदा बघावा. मग बोलू.