हडकुळं म्हणणाऱ्या मैत्रिणींना



गेल्या महिन्यात सूनबाई नातीला घेऊन पहिल्यांदाच मंदिरात गेली. दर्शन होते न होते तोच तिघीजणींनी विचारले, "दूध पुरतं ना गं? हडकुळं दिसतंय." पोर घरी येऊन रडली, आणि संध्याकाळी मुलगा पावडरीचा डबा घेऊन हजर. तो डबा मी दुकानात परत पाठवला. आज थोडे कडक लिहिणार आहे, राग मानू नका.

नात पाच महिन्यांची, फक्त अंगावर पिते. जन्मली तेव्हा ३ किलो, आता सव्वासहा. दुपटीहून जास्त! मी कॉमर्सची, आकडा मला कळतो. डॉक्टरांच्या तक्त्यावर तिची रेघ नीट वर चढते आहे. हा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिला, सहा देशांतली अंगावर पिणारी बाळे मोजून. त्यांत दिल्लीचीही होती. त्याआधीचा तक्ता अमेरिकेतल्या, बहुतेक बाटलीवर वाढलेल्या बाळांचा. बाटलीचे बाळ तीन-चार महिन्यांनंतर जास्त वजन धरते, त्यामुळे त्यावर आपली चांगली बाळेही मागे दिसत.

अंगावरचे बाळ पोट भरले की तोंड फिरवते. बाटलीत मात्र "एवढंच राहिलंय" म्हणत आपण ती पुन्हा तोंडात कोंबतो. शिवाय डब्याच्या दुधात प्रथिने जास्त. अंगावर वाढलेल्या मुलांत पुढे लठ्ठपणा कमी आढळतो, तो उगीच नाही. दशलक्षणात अवमौदर्य तपावर आपण माना डोलावतो, आणि घरी भरल्या पोटाच्या तान्ह्याला अजून पाजतो!

मीही हेच केले आहे. थोरल्याला चौथ्या महिन्यात डबा लावला, कारण शेजारचे बाळ गुटगुटीत होते. दोन महिन्यांत माझे दूध आटले. आज त्याचे पोट सुटले आहे ते त्या डब्यामुळेच असे म्हणणार नाही, माझ्या पुरणपोळ्याही त्यात आहेत. पण दूध आटल्याची खंत अजून जात नाही.

१९९२ च्या कायद्याने डब्याची जाहिरात बंद झाली, डब्यावर बाळाचे चित्रसुद्धा चालत नाही. मग ती जाहिरात आपण मंदिराच्या पायरीवर फुकट का करतो?

काही आयांना खरेच दूध येत नाही, कुणी आजारी असते. त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून डबा द्यावा, त्यात कमीपणा नाही. बाळाचे वजन वाढत नसेल, लघवी दिवसाला सहा वेळांपेक्षा कमी होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मला किंवा शेजारणीला विचारत बसू नका.