यादी रिकामी असते तेव्हा

पुणे स्थानकावरच्या गाड्या दाखवणारे टेम्प्लेट लिहिणे सोपे आहे. लूप लावला की ओळीखाली ओळ येत राहते. तेच टेम्प्लेट कोरेगाव आणि तारगावच्या मधल्या रहिमतपूर स्थानकासाठी चालवून पाहा. प्रवाशाने निवडलेल्या दोन तासांत तिथे एकही गाडी नसेल, तर तक्त्याचे मथळे दिसतात आणि त्याखाली कोरी जागा. एकच असेल तर वर ‘१ गाड्या’. आपण चाचणीला भरगच्च डेटा घेतो, म्हणून हे पान आपल्या नजरेस पडत नाही. ते थेट रहिमतपूरच्या माणसाला दिसते.

सोय नाही असे नाही. जँगोमध्ये फॉरच्या जोडीला एम्प्टी २००९ पासून, म्हणजे १.१ आवृत्तीपासून आहे. जिंजा आणि ट्विगमध्ये त्या जागी एल्स चालते, लॅराव्हेलच्या ब्लेडमध्ये फॉरएल्स आहे, आणि २०२३ साली आलेल्या अँग्युलर १७ नेही नव्या फॉरबरोबर एम्प्टी दिले. रिअॅक्टमध्ये मॅप वापरताना ही फांदी स्वतः लिहावी लागते. तिथे यादीच्या लेंग्थपुढे नुसते दोन अँपरसँड टाकून भागवले, तर यादी रिकामी असताना पानावर एकटा शून्य छापला जातो. अट ‘शून्यापेक्षा मोठी’ अशी पूर्ण लिहावी.

पण फांदी लिहिली म्हणजे काम झाले, असे मला वाटत नाही. तिच्यात काय लिहायचे, हा अवघड प्रश्न आहे. सातारा जिल्ह्यात आल्याचे पीक मोठे. काढणी आत्ता करावी की पीक आणखी काही दिवस जमिनीत ठेवावे, हे शेतकरी भाव पाहून ठरवतो. राज्याचे कृषी पणन मंडळ बाजार समित्यांची रोजची आवक आणि दर संकेतस्थळावर देते. अशा माहितीवर तुम्ही एखादे पान किंवा अॅप उभे केलेत आणि आजची यादी रिकामी आली, तर तिचे तीन अर्थ संभवतात: आज आवकच झाली नाही, आवक झाली पण नोंद अजून चढलेली नाही, किंवा तुमचा सर्व्हर माहिती आणू शकला नाही. लूपला तिन्ही सारखेच. शेतकऱ्याचा निर्णय मात्र तिन्हींत वेगळा.

हा फरक टेम्प्लेटपर्यंत पोहोचण्याआधीच पुसला जातो. कोडमध्ये ट्राय-कॅच लावून, चूक झाली की रिकामी यादी परत करायची, ही सवय आपल्याकडे सर्रास दिसते. ती सोडलीच पाहिजे. जँगोचे टेम्प्लेट तर आणखी मुकाट. लूपमध्ये व्हेरिएबलचे नाव चुकीचे टाइप झाले तरी ते तक्रार करत नाही, सरळ एम्प्टीकडे जाते आणि ‘नोंदी नाहीत’ असे ठामपणे सांगते. जिंजाही एरवी तसाच वागतो; त्यात निदान स्ट्रिक्टअनडिफाइन्ड लावता येते. ज्यांच्या प्रकल्पात ते लावलेले नाही त्यांनी ते आजच लावावे.

  

म्हणून हातातले टेम्प्लेट शून्य नोंदी, एक नोंद आणि फसलेली विनंती अशा तिन्ही स्थितींत उघडून पाहा, आणि रिकाम्या यादीच्या प्रत्येक अर्थासाठी वेगळे वाक्य लिहा. ‘आज आवक नाही.’ ‘आजची नोंद अजून आलेली नाही,’ आणि त्यासोबत शेवटच्या नोंदीची तारीख व दर. ‘माहिती आणता आली नाही, थोड्या वेळाने पुन्हा पाहा.’ ही वाक्ये तक्त्याच्या मथळ्यांखाली न ठेवता तक्त्याच्या जागी येऊ द्या, म्हणजे स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला आधी रिकाम्या रकान्यांची नावे ऐकत बसावे लागणार नाही.