कटर हाताला विचारून घ्या

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या रात्री अडीच वाजता मी डाव्या हाताचं बोट नळाखाली धरून उभी होते. हॉलमध्ये पुठ्ठ्याचा शनिवारवाडा अर्धवट पडलेला. दिल्ली दरवाजा तयार होता, वरच्या नगारखान्याच्या कमानी कापायच्या बाकी होत्या. आई म्हणाली, ‘सावकाश करायचं ना गं, कसली एवढी घाई?’

घाई नव्हतीच. कटर भिकार होता.

तुमच्यापैकी अनेकांचं असं झालं असणार. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि मखरासाठी घरोघरी पुठ्ठा, कार्डशीट, माउंट बोर्ड आला. छानच झालं. पण आपली तयारी कशी असते बघा. कागदाचा जीएसएम विचारतो, सोनेरी रंगाची नेमकी छटा मिळावी म्हणून चार दुकानं पालथी घालतो आणि शेवटी काउंटरवरच्या बरणीकडे बोट दाखवून म्हणतो, ‘काका, एक कटर पण द्या, कुठलाही.’ माझा आक्षेप या ‘कुठलाही’ला आहे. जी वस्तू सलग चार-पाच तास हातात राहणार, ती घेताना हाताला विचारायला नको?

‘हाताला आरामदायी कटर’ म्हटलं की काहींना ते लाड वाटतात. ‘आम्ही दाढीच्या अर्ध्या ब्लेडने आकाशकंदील केलेत,’ असं सांगणारे एक काका प्रत्येक घरात असतात. केले असतील, मान्य. पण इथे आराम म्हणजे चैन नव्हे. हँडल फार बारीक असलं की ते आवळून धरावं लागतं. आवळून धरलं की बोटं दमतात. दमलेला हात रेष सोडतो, मग आपण आणखी जोर लावतो. आणि जोर लावलेलं पातं घसरलं की ते पुठ्ठ्यापाशी थांबत नाही. माझ्या बोटावरची खूण अजून आहे.

मग घ्यायचं काय? साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला, पात्याचे तुकडे मोडत जायचा आपला नेहमीचा कटर. ही आयडिया जपानमधली, १९५६ ची. चॉकलेटच्या वडीवरच्या खाचा आणि फुटलेल्या काचेची धार यांवरून ती सुचली, असं ‘ओल्फा’ कंपनी सांगते. यात ९ मिलिमीटर रुंदीचं पातं कागद-कार्डशीटला पुरतं, जाड पुठ्ठ्याला १८ मिलिमीटरचं. सरळ रेषांसाठी हा उत्तम, पण पातं आतल्या आत हलत असेल तर तो कटर दुकानातच सोडा.

दुसरा पेन-नाइफ. पेनासारखा धरायचा, टोकाला छोटं अणकुचीदार पातं. कमानी, जाळ्या, खिडक्या यांसाठी हाच. याचा गोल दांडा मात्र टेबलावरून गडगडत थेट पायावर येतो. त्यावर उपाय सोपा आहे. लहान मुलांच्या पेन्सिलीला लावतात ती रबरी ग्रिप चढवा. दांडा जाडही होतो आणि गडगडतही नाही.

तिसरा म्हणजे आर्किटेक्चरवाल्या दोस्तांचा लाडका, तीन नंबरच्या हँडलवर अकरा नंबरचं सर्जिकल ब्लेड. धार जबरदस्त. पण हँडल सपाट आणि पातळ, तासाभरात बोटावर वळ उठतो. शिवाय ब्लेड बदलताना बोटं वापरायची नाहीत, पक्कड घ्यायची.

माझं मत विचाराल तर सरळ कापाला लॉक असलेला, धातूच्या बॉडीचा ९ मिलिमीटरचा कटर आणि नक्षीला रबरी ग्रिपचा पेन-नाइफ. पण माझा हात तुमचा नाही. रीलवरचा हात तर नाहीच नाही! म्हणून दुकानात दोन मिनिटं लाजू नका. पातं आत ठेवून कटर हातात धरा, हवेत एक गोल काढा. तर्जनी टेकायला जागा आहे का? कडा टोचतेय का? लॉक एका अंगठ्याने बसतो का? आणि याची सुटी पाती इथेच मिळतात का, हे नक्की विचारा. तुम्ही डावखुरे असाल तर अजून एक प्रश्न, पातं उलटं बसवता येतं का? बरेच कटर उजव्या हाताचा विचार करूनच बनवलेले असतात. माझ्या डावखुऱ्या मैत्रिणीला आपला हातच वाईट आहे असं कित्येक वर्षं वाटायचं. पेन-नाइफ हातात आला तेव्हा कळलं, हात चांगलाच होता.

अर्थात, भारीतला कटर घेऊन बोथट पात्याने कापलं तर सगळं मुसळ केरात. कोपऱ्यात कागदाचे तंतू निघायला लागले की पातं बदला. जाड पुठ्ठा एका दमात कापू नका, दोन-तीन हलके हात फिरवा. वळण घेताना मनगट नको, कागद फिरवा. खाली कटिंग मॅट, सोबत स्टीलची पट्टी. प्लॅस्टिकच्या पट्टीलाच पातं कापत जातं.

आणि एक विनंती. तुटलेले तुकडे तसेच केराच्या पिशवीत टाकू नका. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत साठवा, भरली की चिकटपट्टीने बंद करा, वर ‘ब्लेड’ असं लिहून मग द्या. आपल्या मखरापायी कचरा वेचणाऱ्या मावशींचं बोट का कापावं?

यंदा नगारखान्याच्या कमानी मी सगळ्यात आधी कापल्यात. दहाही बोटं शाबूत आहेत.