पहिली रायफल हलक्या दणक्याची घ्या

ऑगस्ट लागला की विस्कॉन्सिनमधल्या मराठी वाचकांचे मेल सुरू होतात. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा बंदुकीचा सीझन उघडतो, नऊ दिवस चालतो, आणि दर वर्षी आपल्यातल्या चार नव्या माणसांना रानात जावंसं वाटतं. ‘ताई, पहिली रायफल कोणती घेऊ?’ एवढाच प्रश्न असतो. खाली दोन-तीन नावं लिहिलेली असतात आणि त्यांत हटकून एक .३०० विंचेस्टर मॅग्नम असते. नवख्या माणसाच्या हाती ती पडू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून आज त्यावरच लिहिते.

मॅग्नम निवडली का जाते ते मला कळतं. इथल्या शेतकरी घरांत पहिली रायफल बहुधा विकत घ्यावीच लागत नाही. आजोबांची विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६ नातवाच्या हाती येते. तिचं .३०-३० काडतूस १८९५ सालचं, पण दाट झाडीत शंभर-सव्वाशे यार्डांत आजही ते हरीण बिनचूक पाडतं. शेजारी काका नाही तर मामा बसलेला असतो. कधी थांबायचं आणि कधी बार टाकायचा हे त्याच्याकडून आपसूक कळत जातं. आपल्याकडे ही साखळीच नाही. भारतात शिकारीला लगाम घालणारा १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता. कोकणातून आलेल्या एखाद्याच्या घरी शेतीसंरक्षणाची बंदूक असते, आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला निघालेले आजोबा त्याला आठवतात. बाकीच्यांची ओळख एनसीसीतल्या .२२ पुरती. मग विचारायचं कोणाला? दुकानातल्या विक्रेत्याला आणि व्हिडिओंना. व्हिडिओतला माणूस रॉकी पर्वतात पाचशे यार्डांवरून एल्क पाडत असतो. आपण मात्र ओकच्या झाडीत, सत्तर-ऐंशी किलोच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी, बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच बसलेलो असतो.

हरीण गोळीच्या जोरावर पडत नाही, ती कुठे बसली यावर पडतं. हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण आठ इंचांचा भाग होतो. मध्यम ताकदीची गोळी त्यात शिरली तर जनावर काही सेकंदांत कोसळतं. मॅग्नमची गोळी पोटात बसली तर तेच जनावर तासन्‌तास तडफडतं. मोठं काडतूस वाईट नेमाची भरपाई करतं हा समज मला या छंदातला सगळ्यात घातक समज वाटतो, कारण त्याची किंमत हरणाला मोजावी लागते. शिवाय तेच मोठं काडतूस मुळात नेम बिघडवतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर रेंजवर एक साधी परीक्षा घ्या. गेल्या मोसमाआधी ओळखीतला एक तरुण नागपूरकर नवी मॅग्नम घेऊन आला होता. कागदावर गोळ्या विखरून पडत होत्या आणि त्याची खात्री होती की स्कोपच बिघडलाय. मी म्हटलं, रायफल मी भरून देते, तू फक्त चाप ओढ. काडतूस खरं की सरावाचं पोकळ, ते त्याला कळू दिलं नाही. पहिल्याला दणका बसला. दुसऱ्याला मी पोकळ घातलं. त्याने चाप ओढला, टिक् असा बारीक आवाज झाला, आणि त्या शांततेत नळीचं टोक चांगलं दोन बोटं खाली गेलेलं त्याने स्वतःच पाहिलं. डोळे मिटलेले, खांदा पुढे ढकललेला. बार व्हायच्या आधीच त्याचं शरीर धक्क्याला तयार होत होतं. स्कोपला काहीही झालं नव्हतं.

ही दचक एकदा अंगात भिनली की निघायला फार वेळ लागतो. म्हणून ती लागूच द्यायची नाही. .३०० मॅग्नमचा धक्का .२४३च्या दुपटीहून जास्त असतो. नळीच्या टोकाला ब्रेक लावून तो कमी करता येतो, पण मग आवाज असह्य होतो. आणि नवखा जितका धक्क्याला भितो तितकाच आवाजालाही भितो. रायफलचा बार १५० डेसिबलच्या वर जातो. रेंजवर कानांत बोळे आणि वर मफ, दोन्ही घाला. नुसत्या एवढ्यानेही कित्येकांचा नेम सुधारलेला मी पाहिलाय.

मग घ्यायचं काय? माझी पहिली पसंती ७एमएम-०८. ज्यांनी जिम कॉर्बेट वाचलाय त्यांना .२७५ रिग्बी आठवेल. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यावर १९०७ साली त्याला ती भेट मिळाली आणि पुढे कित्येक वर्षं ती त्याच्या हाती राहिली. .२७५ रिग्बी म्हणजे ७×५७ माउझरच, इंग्रजांनी दुसरं बारसं केलेलं. रेमिंग्टनने १९८०मध्ये आणलेलं ७एमएम-०८ ताकदीला जवळजवळ त्याच्याच बरोबरीचं आहे. जे कॉर्बेटला पुरलं ते आपल्याला विस्कॉन्सिनच्या हरणासाठी नक्की पुरेल. ६.५ क्रीडमूरही तितकंच सोसवणारं, आणि दुकानात सहज मिळतं. अंगाने लहानखुऱ्या माणसाला किंवा मुलाला .२४३ चालतं, पण त्याची गोळी हलकी, म्हणून नेम पक्का हवा. .३०८ आणि .३०-०६ ही उत्तम काडतुसं आहेत, फक्त ती दुसरी रायफल म्हणून घ्या.

काडतूस ठरवण्याआधी आपल्या राज्याचे नियम मात्र वाचा. ओहायोत हरणाला मानेशी निमुळतं होणारं काडतूस चालत नाही, सरळ भिंतीचंच लागतं, तिथे .३५० लेजंड किंवा .४५० बुशमास्टर घ्यावं लागेल. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. साधी बोल्ट अ‍ॅक्शन सहसा अडचणीत आणत नाही, आणि नवख्याला तीच बरी: प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढावा लागतो, तेवढ्यात डोकं जागेवर येतं.

कंपनीवरून वाद घालण्यात अर्थ नाही. रुगर अमेरिकन, सॅव्हेज अ‍ॅक्सिस, मॉसबर्ग पेट्रियट, चारशे ते सहाशे डॉलरच्या आसपासची यांतली कुठलीही रायफल आपल्यापेक्षा अचूकच असते. बघायचं ते माप. दुकानात जाताना नोव्हेंबरचं जाड जॅकेट बरोबर न्या, विक्रेता हसला तरी अंगात घाला, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल उजळ दिसला तर दस्ता तुमच्या मापाचा. मान ताणावी लागली किंवा कडेला काळी सावली दिसली तर दस्ता लांब आहे. आपल्या बायकांना आणि पाच-साडेपाच फुटांच्या पुरुषांना अनेकदा ‘कॉम्पॅक्ट’ किंवा ‘यूथ’ म्हणून विकला जाणारा आखूड दस्ताच बसतो. त्यात कमीपणा काही नाही. डावखुऱ्यांसाठी डाव्या बोल्टची रायफल मिळते, ती मागून घ्या.

स्कोप ३-९×४० पुरतो. रानात तो तीनवरच ठेवा, कारण हरीण जवळून निघालं तर नऊवर नुसतं केसाळ अंग दिसतं, कुठला भाग ते कळत नाही. उरलेले पैसे काडतुसांवर घाला. वीसची पेटी तीसेक डॉलरपासून सुरू होते, आणि हा पैसा जंगलाच्याही कामी येतो: १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे रायफल आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव संवर्धनाला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतून जवळजवळ संपत आलेलं हे हरीण आज कोटींच्या संख्येत आहे, त्यात या पैशाचा मोठा वाटा आहे.

झिरो करताना, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवताना, थेट शंभर यार्डांवर जाऊ नका. बोल्ट काढून नळीतून पंचवीस यार्डांवरचं लक्ष्य बघा, स्कोप त्याच्याशी जुळवा, मग बार टाका. तिथे जुळलं की शंभरवर जा. तीन-तीन गोळ्यांचा गट मारा आणि गटाच्या मध्यावरून स्कोप फिरवा, एकेका गोळीच्या मागे धावू नका. बहुतेक स्कोपचा एक क्लिक शंभर यार्डांवर पाव इंच सरकवतो. नळी तापली तर थांबा.

झिरो झाली म्हणजे तयारी झाली असं मात्र नाही. टेबलावर वाळूच्या पिशव्यांत रुतवलेली रायफल कोणालाही नीट चालवता येते. रानात टेबल नसतं. जेवणाची कागदी प्लेट लावा, गुडघ्यावर बसून, मांडी घालून, काठीच्या आधाराने पाच गोळ्या मारा. ज्या अंतरावर पाचही प्लेटमध्ये बसतात ते तुमचं अंतर. ते ऐंशी यार्ड असेल तर नव्वदवरचं हरीण जाऊ द्या. मधल्या आठवड्यांत .२२ने सराव करा. ती स्वस्त आहे आणि बोटाला वळण लावते.

आता कायद्याचं. एच-वन-बीवर असलेल्यांनी हे दोनदा वाचावं. संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तर त्याला अपवाद आहे, पण परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, आणि रायफल कपाटात असली तरी तो गुन्हा ठरू शकतो. त्यातून इमिग्रेशनचं प्रकरण उभं राहू शकतं. खरेदीआधी वकिलाशी बोला. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. पण आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेले असतील तर कौतुकाने त्यांच्या हाती रायफल देऊन फोटो काढू नका, रेंजवर तर मुळीच नाही. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. तो नुसता ऑनलाइन उरकण्यापेक्षा प्रत्यक्ष वर्गात करा. तिथले स्वयंसेवक शिक्षक दिलदार असतात, आणि आपल्याला न लाभलेला मामा तिथे भेटू शकतो.

प्रत्यक्ष हरीण समोर आल्यावर ते आडवं होईपर्यंत थांबा. तोंड आपल्याकडे असेल तर चापाला बोट लावू नका. आडवं झालं की पुढच्या पायाच्या लगेच मागे, खालून एक तृतीयांश उंचीवर नेम धरा, आणि हरणाच्या पलीकडे माती आहे ना ते बघा. बार झाल्यावर लगेच बोल्ट ओढून दुसरं काडतूस चढवा, नजर हरणावरच ठेवा. ते पळालं तर कुठल्या झाडापाशी दिसेनासं झालं ते लक्षात ठेवून अर्धा तास जागचं हलू नका. मग रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुसं. हरीण जवळच सापडेल. गडद काळपट असेल तर यकृत, तीन-चार तास थांबा. हिरवट, वास येणारं असेल तर पोटात लागलंय. आठ-दहा तास थांबून, माहितगार माणूस बरोबर घेऊन शोधा. ते हरीण शोधणं तुमच्यावर बंधनकारक आहे असंच माना, मग रात्र झाली तरी.

शेवटी गोळीबद्दल. शिशाची गोळी आत फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत मांसात पसरतात. एक्स-रेत ते दिसतात, चावताना कळत नाहीत. अशी जनावरं खाऊन कॉन्डॉर गिधाडं मरत होती म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर मी तांब्याचीच गोळी घ्यायला सांगेन, थोडी महाग पडली तरी. तांब्याच्या गोळीवर आलात की रायफल पुन्हा झिरो करा. वजन तेच असलं तरी ती बहुधा शिशाच्या गोळीच्या जागी लागत नाही.