पोह्यांपुढे हरलेले कॉर्नफ्लेक्स परत कसे आले?

रामदासपेठेतील एखाद्या सुखवस्तू घरात सकाळी डोकावले, तर टेबलावर दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. आजोबांसमोर पोह्यांची बशी आणि शाळेच्या घाईत असलेल्या नातवासमोर दुधात भिजलेल्या ‘चोकोज’ची वाटी. या दृश्यात आज कोणालाही काही वावगे वाटत नाही. तीस वर्षांपूर्वी मात्र हीच वाटी वादाचा विषय होती. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये याच नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली आणि परकीय कंपन्यांच्या आर्थिक आक्रमणाविषयी दत्तोपंत ठेंगडी यांनी देशाला सावध करण्यास प्रारंभ केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९४ साली, केलॉग ही अमेरिकी कंपनी भारतात उतरली.

तिने मुंबईजवळ तळोजा येथे कारखाना उभारला. भांडवल होते, जगभरची कीर्ती होती, जाहिरातींचा मारा होता. या जाहिरातींचा सूर असा की, भारतीयांची न्याहारी तेलकट, जड आणि पोषणाच्या दृष्टीने अपुरी. कुतूहलापोटी पहिली खोकी खपली. पुढे विक्री घसरू लागली. कारण अगदी घरगुती होते. आपल्याकडे दूध तापवून, गरमच घेण्याची रीत. गरम दूध ओतताच कुरकुरीत चकत्यांचा लगदा होई आणि थंड दुधात वरून घातलेली साखर विरघळत नसे. शिवाय किंमत मध्यमवर्गाच्या खिशाला न पेलणारी. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे, ज्या गृहिणीने ते खोके विकत घ्यायचे, तिलाच कंपनी सांगत होती की, तू आणि तुझी आई आजवर जे रांधत आलात ते चुकीचे. तर्री-पोह्यांच्या नागपुरात हे पचणे कठीणच होते.

ही फजिती पाहून स्वदेशीप्रेमी मंडळींना समाधान वाटले असेल, तर ते स्वाभाविकच. ‘आमच्या संस्कृतीने त्यांना हरवले’ हे वाक्य तर आजही अधूनमधून ऐकू येते. परंतु ते अर्धेच खरे आहे. संस्कृतीने कंपनीला हरवले हे खरे; हरलेली कंपनी घरी परत गेली नाही, हेही तितकेच खरे. तिने आपल्या स्वयंपाकघरात विद्यार्थ्यासारखे बसून धडे घेतले. मोठ्या खोक्यांच्या जोडीला लहान पाकिटे आणली. वडीलधाऱ्यांच्या सवयी बदलण्याचा हट्ट सोडून मुलांच्या जिभेकडे मोर्चा वळविला, चोकोज आले. १९९८ मध्ये आंबा-वेलची, नारळ-केशर आणि गुलाब अशा स्वादांचा प्रयोगही करून पाहिला. पुढे तर ज्या उपम्याची जागा घ्यायला ही कंपनी आली होती, त्याच उपम्याची पाकिटे तिने विकायला काढली. पराभव झाला तो पहिल्या डावात. आपण मात्र सामना जिंकल्याच्या आनंदात मैदान सोडून निघालो होतो.

मॅकडोनाल्डची कथा याहून बोधप्रद आहे. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या वसंत विहारात या कंपनीचे देशातील पहिले उपाहारगृह उघडले. त्यापूर्वी काही वर्षे तिने इथे बटाटा, पाव आणि भाज्यांचे पुरवठादार घडविण्यात घालविली. गोमांसावर उभा राहिलेला धंदा भारतात गोमांसाविना सुरू झाला. शाकाहारी पदार्थांसाठी स्वतंत्र ओटा आणि स्वतंत्र भांडी आली. हे गोप्रेमातून झाले असे समजण्याचा भाबडेपणा कोणी करू नये. पुरावा त्यांच्याच देशात मिळाला. अमेरिकेतील बटाट्याच्या फोडी केवळ वनस्पती तेलात तळलेल्या म्हणून हिंदू आणि शाकाहारी मंडळी वर्षानुवर्षे निःशंकपणे खात होती; त्यांत गोमांसाचा अर्क असल्याचे २००१ मध्ये उघड झाले. तेथील हिंदूंनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि २००२ मध्ये कंपनीला माफी मागून १ कोटी डॉलर देण्याची तडजोड करावी लागली. दिल्लीत जी कंपनी इतकी दक्ष, तीच आपल्या घरी इतकी बेफिकीर! बाजार गमावण्याचे भय असते तिथेच शिकणे होते, एवढाच याचा अर्थ.

शिकण्याचा कंटाळा असेल तर आणखी एक मार्ग उपलब्ध असतो: ज्याला हा बाजार कळला आहे, त्यालाच विकत घेणे. १९७७ मध्ये देश सोडून गेलेली कोकाकोला १९९३ मध्ये परतली ती पार्लेचे थम्सअप, लिम्का आणि गोल्डस्पॉट खिशात घालूनच. गोल्डस्पॉट दिसेनासे झाले. थम्सअपकडेही दुर्लक्ष झाले; पण ग्राहकाने ते सोडले नाही, तेव्हा कंपनीला ते पुन्हा पुढे आणावे लागले. २०२१ मध्ये थम्सअपची वार्षिक विक्री १ अब्ज डॉलरवर गेली. चव आपली, सवय आपली, नफा अटलांटात. हल्दीराम तर नागपूरकरांना घरचेच. बिकानेरचे भुजिया घेऊन आलेल्या या कुटुंबाने इथली संत्री ओळखली आणि संत्रा बर्फी नागपूरची भेट म्हणून देशभर पोहोचविली. (परमुलूख देशाच्या आतही असतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.) त्याच हल्दीरामच्या खाद्यव्यवसायातील सुमारे १० टक्के हिस्सा २०२५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेकने घेतला. यात बेकायदा काही नाही, आणि विकणाऱ्याला दोष देण्याचेही कारण नाही. मात्र अनेक दशकांत साठविलेले शहाणपण तयार स्थितीत विकत मिळते, हे परकीय भांडवल नेमके ओळखून आहे.

मग आपली माणसे बाहेर जाऊन काय करतात? रामदासपेठेतून अंबाझरीच्या बाजूने हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेले की महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना लागतो. या कंपनीने १९९४ मध्ये, म्हणजे केलॉग भारतात आली त्याच वर्षी, टेक्सासमध्ये आपली अमेरिकी शाखा स्थापन केली. अमेरिकी शेती हजारो एकरांची. तिथे जॉन डिअरच्या अजस्र यंत्रांपुढे आपला ट्रॅक्टर खेळण्यासारखा दिसावा. महिंद्राने त्या शेतात लढाई मांडलीच नाही. नोकरी-व्यवसाय सांभाळून पाच-दहा एकर जमीन राखणारे हौशी शेतकरी, घोडे पाळणारे, बागकामाचे कंत्राटदार हा बड्या कंपन्यांच्या दृष्टीने किरकोळ असलेला ग्राहक तिने हेरला. धिप्पाड अमेरिकी देहासाठी आसन रुंद केले, ब्रेकचा पायटा मोठा केला. लहान विक्रेते नेमले आणि त्यांच्यामार्फत ग्राहकाशी घरोबा ठेवला. २००३ मध्ये तिच्या ट्रॅक्टर विभागाला जपानचा डेमिंग पुरस्कार मिळाला. सर्वच डाव साधले असे नाही. ‘रॉक्सर’ हे तिचे वाहन जीपची नक्कल ठरवून अमेरिकी व्यापार आयोगाने २०२० मध्ये अडविले. कंपनीने आकार बदलून ते पुन्हा मान्य करून घेतले. जॉन डिअरही स्वस्थ बसलेली नाही. पुण्याजवळ सणसवाडीत तिचाही कारखाना आहे आणि तीही इथल्या शेतकऱ्याच्या बांधावर बसून शिकते आहे.

स्वदेशीच्या कार्यकर्त्याने आता आपल्या दारातील संत्र्याकडे पाहावे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या निर्यातीची मदार मात्र वर्षानुवर्षे मुख्यतः बांगलादेशावर राहिली. त्या देशाने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेले, निर्यात कोसळली आणि वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या बागाईतदाराला पडेल भावाने माल काढावा लागला. आपल्या संत्र्याची साल सैल, फळ टिकायला नाजूक, आणि आत बिया. युरोपातील ग्राहक सोलायला सोपे, पण बिनबियांचे फळ मागतो. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरातच आहे. फळ कसे हवे, पेटी केवढी हवी, किती दिवस टिकायला हवे, हे तिथल्या शास्त्रज्ञाला सांगणारा माणूस मात्र ग्राहकाच्या दारात जाऊन आलेला असला पाहिजे. शेतकरी उत्पादक कंपनीतील दोन तरुणांना एका हंगामापुरते रॉटरडॅमच्या फळबाजारात पाठवायचे ठरले, तर त्यांचा जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च रामदासपेठेतील एका लग्नाच्या जेवणावळीपेक्षा खचितच कमी येईल.